डब्यातला तो अनोळखी माणूस

तुमच्यापैकी बरेच जण हा एपिसोड डहाणू-विरार लोकलमध्ये ऐकतात. मीसुद्धा बोईसरला चढतो आणि जागा मिळाली की सफाळ्यापर्यंत झोपतो. म्हणून आज ट्रेनमधलीच एक गोष्ट सांगतो.

साल १८९३. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. कोकणातले ब्राह्मण, कवी, संस्कृतचे जाणकार. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. त्याने यांना बसायला जागा दिली आणि गप्पा सुरू झाल्या. कशावर? संस्कृत काव्यावर! म्हणजे समोरच्याला जे आवडतं, त्यावर. धर्माचा विषय नंतर निघाला. शेवटी त्याने टिळकांना नवा करार दिला आणि म्हणाला, हे वाचा, प्रार्थना करा. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

टिळकांना ते पुस्तक सुरुवातीला फारसं रुचलं नाही. पण वाचेन असा शब्द दिला होता, म्हणून वाचत राहिले. मत्तयच्या ५ व्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनाला आले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपण चर्चमध्ये त्यांची गीतं गातो. शंभरहून जास्त आहेत ती.

आणि तो डब्यातला माणूस? त्याचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. विचार करा, एवढं मोठं काम, आणि करणारा निनावी!

बायबलमध्येही असंच आहे. २ राजे, अध्याय ५ काढा. नामान सेनापती बरा झाला तो कुणामुळे? त्याच्या घरी कैद करून आणलेल्या एका लहान मुलीमुळे. ती फक्त एवढंच म्हणाली, की शोमरोनात एक संदेष्टा आहे, तो बरं करेल. तिचंही नाव लिहिलेलं नाही.

आता माझी गोष्ट. ही सांगताना मला थोडी लाज वाटते. माझ्या टीममधल्या एका मित्राचे वडील वारले. मी काय केलं? रात्री व्हॉट्सअॅपवर एक वचन पाठवलं, खाली हात जोडलेला इमोजी. मनात म्हटलं, झाली साक्ष देऊन. त्याचं घर माझ्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. मी गेलो नाही.

दोन महिन्यांनी तो मला म्हणाला, "अरे, आपल्या ऑफिसातल्या साफसफाईच्या मावशी आल्या होत्या घरी. डबा घेऊन. आईजवळ बसल्या, भांडी घासली. निघताना विचारलं, मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का? आई हो म्हणाली. त्या दिवशी आई पहिल्यांदा नीट जेवली."

मी विचारलं, "आणि माझा मेसेज?" तो म्हणाला, "केला होतास का?"

मित्रांनो, मावशींना बायबल नीट वाचता येत नाही. मी बीटेक. माझ्या फोनमध्ये तीन भाषांतली बायबल ॲप आहेत. देवाने कुणाला वापरलं? जो गेला त्याला.

अजून एक गोष्ट, कारण अर्धीच सांगितली तर ते खोटं होईल. टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. ते दुःख त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये मोकळेपणाने लिहिलंय. त्या ख्रिस्ती झाल्या त्या १९०० मध्ये, स्वतःचा विचार करून, स्वतःच्या पायांनी चालत. कुणी वादात हरवलं म्हणून नाही.

आपण जिथे राहतो तिथे एकाच आळीत, एकाच घरात वेगवेगळ्या श्रद्धेची माणसं असतात. म्हणून सुवार्ता सांगताना समोरच्याचं घर, त्याची आई, त्याची भीती, सगळं लक्षात ठेवा. मावशींनी आधी विचारलं, "करू का?" हे विचारणं फार महत्त्वाचं आहे. नाही म्हणाले तरी डबा द्यायचाच. मन बदलणं हे आपलं काम नाही, ते देवाचं काम आहे. आपलं काम जागा करून देणं, ऐकणं, आणि विचारलं तर खरं ते सांगणं.

तर या आठवड्यात एकच करा. ज्याला नुसता मेसेज पाठवून सुटलात, त्याच्या घरी जाऊन या. मी गेलो त्या मित्राकडे, उशिरा का होईना. त्याच्या आईने चहा दिला. मी वचन वगैरे काही बोललो नाही, फक्त माफी मागितली.

चला, प्रार्थना करू. प्रभू, आमचं नाव कुणाला कळलं नाही तरी चालेल. पण तू पाठवशील तिथे आम्हाला उठून जाता येऊ दे. आमेन.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. स्टेशन आलं असेल तर सांभाळून उतरा!