श्रमाची लाज आणि श्रमाचा हक्क

(ज्ञातिमंडळाच्या ईट येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही शिरसावंद्य मानली. संमेलन म्हटले की पुढाऱ्यांचा सत्कार ओघानेच येतो. आज मात्र अशा एका लोकप्रतिनिधीचे स्मरण करावे असे आमच्या मनात आहे, की ज्यांचे नाव आपल्या तरुण पिढीस फारसे परिचित नाही. परंतु ज्यांच्या कल्पनेतून निघालेल्या कायद्याचे अन्न या मंडपातील कित्येक घरांनी खाल्ले आहे. ते गृहस्थ म्हणजे कैलासवासी वि. स. पागे.

पागेसाहेब १९६० ते १९७८ अशी सुमारे अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने वादविवादात पडू नये असा सभागृहाचा दंडक आहे. पण ज्यांस सभागृहात बोलता येत नव्हते, त्यांनी सभागृहाबाहेर एक प्रयोग आरंभिला. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूरच्या परिसरात १९६९ साली त्यांनी असे करून पाहिले, की जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते द्यावयाचे, आणि कामही असे द्यावयाचे की ज्यायोगे जमिनीची धूप थांबेल व पाणी मुरेल. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ही योजना उचलून धरली, आणि १९७२ साली ती राज्यभर लागू करण्याचे ठरले. इतक्यात दुष्काळाने घाला घातला.

त्या दुष्काळाचे वर्णन आम्ही काय करावे! आमचे वय तेव्हा बारा वर्षांचे होते. विहिरींनी तळ दाखविला, कडब्यावाचून गुरे दावणीलाच बसली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. रस्त्याची खडी, बांधबंदिस्ती, पाझर तलाव अशी ती कामे होती. आपल्या भागातही कामे निघाली. परंतु आमच्या घरातून कोणी गेले नाही. कारण एकच, लोकलाज. आपल्या ज्ञातीची बाई डोक्यावर माती वाहणार? आमच्या वडिलांनी तीन आठवडे कळ काढली. कणगी रिकामी झाली तेव्हा आमच्या मातोश्री, भावकीने पाहू नये म्हणून, पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडल्या. उजाडल्यावर त्यांनी कामावर पाहिले, तो निम्मी भावकी पदर पुढे ओढून तेथेच खडी फोडीत होती! ही हकिगत त्या पुढे हसत हसत सांगत. पण मातोश्रींचे ते हसू आम्हांस कधी सहन झाले नाही. कामावर मिळणारी सुकडी त्या पदरात बांधून आणीत, आणि आम्ही भावंडे दारात वाट पाहत असू.

याच्या पुढील गोष्ट सांगावी की न सांगावी, असा आम्हांस विचार पडला होता. आमच्या थोरल्या भगिनीची जुळत आलेली सोयरीक त्या साली मोडली. “ज्यांच्या बायका खडी फोडतात, त्यांच्या घरची मुलगी कशी करावी?” असा शब्द ज्ञातीतीलच एका वजनदार गृहस्थांनी टाकला. त्यांचे नाव घेण्याचे आज प्रयोजन नाही. त्यांच्या मुखाने त्या दिवशी आपण सारेच बोललो होतो.

आता पागेसाहेबांच्या विचाराचे मोल पाहा. १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांच्या आत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात बंधन होते. पूर्वी दुष्काळ पडला म्हणजे सरकार मायबाप दया करी. या कायद्याने दयेचा हक्क झाला. हक्काने मागितलेल्या कामाची लाज कसली? पुढे २००५ साली केंद्र सरकारने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशापुढे होता.

पैसा कोठून आणावा, याचाही विचार झाला होता. १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिक यांजवर व्यवसाय कर बसला; बागायत जमिनीवरही आकार बसला; आणि जितकी रक्कम अशा करांतून जमेल तितकीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. आम्ही शिक्षक झालो तेव्हा पगारातून दरमहा हा कर कापला जाई, आणि इतरांप्रमाणे आम्हीही कुरकुर करीत असू. एके दिवशी मुख्याध्यापकांनी त्या कराचा इतिहास सांगितला. त्या दिवसापासून आमची कुरकुर थांबली. आमच्या मातोश्रींसारख्या कोण्या माउलीच्या मजुरीत आमचे चार पैसे जात होते.

योजनेत दोष नव्हते काय? होते. कोठे हजेरीपत्रकावर खोटी नावे चढली, कोठे मजुरी महिनोन्‌महिने तुंबली, कोठे तलाव अर्धेच राहिले. पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. ज्या बांधांवर आपल्या आयांनी माती वाहिली, ते बांध फोडून वहिवाटीची वाट काढणारे कोण? ओढ्याकाठचे लिंब व बाभळी तोडून विकणारे कोण? सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर खणण्यास १९९३ च्या भूजल कायद्याने निर्बंध घातला, आणि पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. तरी रात्रीच्या रात्री बोअर पाडणारे कोण? विधिमंडळ कायदा करू शकते. त्याचा बांध राखणे हे गावाचे काम आहे.

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली ही, की संमेलनाच्या भोजनखर्चातून काही अंश वाचवून, दरवर्षी उन्हाळ्यात एका जुन्या पाझर तलावाचा गाळ काढावा, आणि त्या कामावर पहिली पाटी कार्यकारिणीच्या सभासदांनी उचलावी. दुसरी ही, की आपल्या वधूवर मेळाव्यात कोणत्याही घराची आई मजुरीला जाते किंवा गेली होती, यावरून त्या घराची प्रतिष्ठा मोजली जाणार नाही, असा ठराव आजच्या सभेने करावा.

आमच्या भगिनीचा संसार पुढे चांगला झाला. ती आज या मंडपात नातवंडांसह बसली आहे. मातोश्री मात्र हा ठराव ऐकावयास नाहीत. तो झाला, तर त्यांच्या त्या पहाटेच्या अंधारास पन्नास वर्षांनी का होईना, उजाडले असे आम्ही समजू.