वेढे मोजून घ्या



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायचं ठरलंय. माझं काम जळलेल्या मोटारींचं रिवाइंडिंग. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या विहिरीवरची मोटर माझ्या टेबलावर येऊन गेलेली आहे, त्यामुळे वेगळी ओळख करून देत नाही.

शाळेत सरांनी खिळ्यावर तार गुंडाळून टाचण्या उचलून दाखवल्या होत्या. त्या गुंडाळलेल्या तारेचा आणखी एक गुण आहे, आणि माझा सगळा धंदा त्यावर चालतो. पाच एचपीच्या मोटरच्या एका फेजची तार मीटरने मोजली तर रोध दोन-चार ओहम भरतो. नुसत्या रोधावर सगळं असतं तर ४१५ व्होल्टवर शंभरावर अँपिअर वाहिले असते आणि मोटर क्षणात जळाली असती. विनालोड मोटर तीन-चार अँपिअरवर फिरते, कारण आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो आणि वेटोळं प्रत्येक बदलाला विरोध करतं. यालाच इंडक्टन्स म्हणतात.

हा गुण प्रथम लिहून प्रसिद्ध केला तो एका शाळामास्तराने. अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या शाळेत शिकवणारे जोसेफ हेन्री. बॅटरीची जोडणी तोडताना आखूड तारेपेक्षा लांब तारेला मोठी ठिणगी पडते आणि तीच तार गुंडाळली तर आणखी मोठी, हे त्यांनी १८३२ साली मांडलं. इंडक्टन्सचं एकक आज त्यांच्याच नावाने आहे. मोटर बंद करताना स्टार्टरमध्ये जी ठिणगी दिसते, ती याच जातीची.

आता मुद्दा. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मागच्या रब्बीत नेरकडचा एक शेतकरी मोटर घेऊन आला. एकाच हंगामात दुसऱ्यांदा जळलेली. "भाऊ, हरभरा वाळून राह्यला, आजच पाह्यजे." कॉइल कापून मोजली तर ५२ वेढे. त्याच बनावटीच्या मोटरची माझ्या वहीत नोंद होती ६० ची. वाटतं, आठच तर कमी! पण वर्ग केला की इंडक्टन्स पाऊण उरतो, म्हणजे विनालोड प्रवाह एक तृतीयांशाने वाढतो. लोखंड चुंबकत्वाने भरून गेलं तर त्याहून जास्त. पाणी उपसायला सुरुवात होण्याआधीच मोटर तापलेली.

हे लबाडीनेच होतं असं नाही. हाताशी जाड तार असते, ती स्लॉटमध्ये मावत नाही, म्हणून वेढे कमी होतात. जाड तार म्हणजे मजबूत काम, असं गिऱ्हाइकालाही पटतं. मला मात्र हा कारागिराचा आळस वाटतो. मोजायला दहा मिनिटं लागतात; त्या शेतकऱ्याचे पाण्याचे आठ दिवस गेले होते.

म्हणून घरी शेती असणाऱ्यांना एवढंच सांगतो. मोटर कुठेही भरा, जुन्या कॉइलचे वेढे आणि तारेचा गेज तुमच्यासमोर मोजून बिलावर लिहून घ्या. नेताना विनालोड चालवून तिन्ही फेजचा प्रवाह टाँग टेस्टरवर पाहा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, आणि पाटीवरच्या अँपिअरच्या आसपास विनालोडच पोचत असतील तर मोटर उचलू नका.