शनिवारी घाणा का थांबायचा?



स्वागताध्यक्षाकडून तीनच गोष्टींची अपेक्षा असते : हार, चहा आणि लांबलेलं भाषण. पहिल्या दोन आमच्या कार्यकर्त्यांनी चोख पार पाडल्या. तिसरीत मात्र मी तुमची निराशा करणार आहे.

समकालीन समाजातल्या धार्मिक विविधतेचा अभ्यास, हा या परिषदेचा विषय. मी काही अभ्यासक नव्हे. पण या विषयाला आमचं अलिबाग परकं नाही, एवढं यजमान म्हणून सांगू शकतो.

इथून चालत जाल, तर इस्रायल आळी लागेल. तिथे बेने इस्रायल या ज्यू समाजाचं मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असं हा समाज परंपरेनं सांगत आला. ही माणसं इथे राहिली, तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली आणि गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर झाली. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. या नावात धंदा आहे, सुटीचा वार आहे. धर्म मात्र नाही. शेजार चांगला होता, पण घाणा का थांबतो, हे फारसं कुणी विचारलं नसावं. अभ्यासकाचं काम तिथूनच सुरू होतं, असं मला वाटतं.

मलिदा या त्यांच्या धार्मिक विधीतलं ताट पाहा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं. शब्द फारसी, पोहे कोकणातले आणि स्मरण एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याचं. जनगणनेच्या रकान्यात हे ताट कसं मावणार?

त्याच समाजातल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या लोकांचा इतिहास १८९७ साली लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. पुढे समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले आणि मराठी सोबत घेऊन गेले.

रेवदंड्याची खाडी ओलांडलीत, की कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली बोली आजही ऐकू येते.

मात्र आमच्या जिल्ह्याचं हे गोड चित्र पाहून कुणी भुलू नये. महाडही याच जिल्ह्यात आहे. तिथल्या चवदार तळ्याचं पाणी परधर्मीयांना मोकळं होतं आणि गावच्याच अस्पृश्यांना बंद. तळं खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव कागदावरच राहिला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे ओंजळभर पाणी प्यायले. म्हणून गावात देवळं, मशिदी, चर्च किती, ही मोजदाद पुरेशी नाही. पाणवठ्यावर कोण आणि वेशीबाहेर कोण, हेही तुम्हाला विचारावं लागेल.

आता यजमानाच्या दोन सूचना. सिनेगॉगमध्ये जाताना परवानगी घ्या, डोकं झाका. आणि राहण्या-जेवणात काही उणं राहिलं, तर ते माझ्या पदरात टाका.

आमच्याकडे आल्यागेल्याची विचारपूस घरच्यांनी करायची असते. या दोन दिवसांत ती पाहुण्यांनी करावी. उत्तरं देता देता आम्हालाही आमचा शेजार नव्यानं कळेल.

आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत.