आधी गोणी, मग माणूस

मी जबलपूरहून बोलतोय. मेकॅनिकलच्या मुलांना संगणकावरचं ते रंगीत चित्र ओळखीचं असेल. लाल म्हणजे धोका, निळं म्हणजे निर्धास्त. आज त्या निळ्या रंगाबद्दल बोलू.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक काम आलं. यंत्राशेजारी उभं राहायचा लोखंडी पत्रा जड होता. त्याजागी ग्लास फायबरची हलकी प्लेट बसवायची होती. कंपोझिट म्हणजे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. बांबू आठवा. उभा चटकन चिरतो, आडवा तोडायला घाम फुटतो. कार्बन-इपॉक्सीचा एकच थर धाग्याच्या दिशेने सुमारे १५०० मेगापास्कल ताण सोसतो, आडव्या दिशेने जेमतेम ५०. म्हणून थर ०, ४५, ९० अंशांत फिरवून रचतात.

सॉफ्टवेअर त्या प्लेटचे हजारो छोटे तुकडे करतं, प्रत्येकाचं समीकरण मांडतं आणि सगळी एकत्र सोडवतं. माझं उत्तर आलं. सगळं निळं! मी खूश.

बसवायच्या दिवशी एक मुलगा वर चढायला निघाला. आमच्या जुन्या मिस्त्रींनी त्याला हाताला धरून थांबवलं. मला म्हणाले, "साहब, पहले बोरी रखो, फिर आदमी." मनातून मला राग आला. वाळूच्या गोण्या एकेक करून ठेवल्या. बोल्टजवळ कट्‌कट्‌ आवाज आला, थर सुटले आणि प्लेट एका बाजूने बसली. त्या जागी तो मुलगा उभा असता.

सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं, मी चुकलो होतो. चारही कडा पूर्ण घट्ट पकडल्यात, असं मी त्याला सांगितलं होतं. प्रत्यक्षात फक्त चार बोल्ट होते. हा फरक लहान नाही. साध्या चौरस प्लेटवर सारखा भार असेल, तर कडा नुसत्या टेकलेल्या असताना मधला वाक घट्ट कडांच्या तिपटीहून जास्त येतो. शिवाय मॉडेलमध्ये मी थर एकमेकांना कायमचे चिकटवले होते. मग ते सुटताना दिसणार कसे?

मोठ्यांकडूनही असं होतं. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्लाइप्नर-ए या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीतच बुडाला. मॉडेलमधली तुकड्यांची जाळी नीट नव्हती, त्यामुळे एका महत्त्वाच्या जागचा कर्तन ताण ४७ टक्क्यांनी कमी निघाला होता.

रोबोच्या हाताचंही तेच. पडद्यावर त्याचे सांधे अगदी अचूक असतात. खऱ्या सांध्यात थोडी ढिलाई असतेच. खांद्याशी ०.१ अंश ढिलाई असली, तर एक मीटर लांब हाताचं टोक पावणेदोन मिलिमीटर सरकतं. वेल्डिंगची रेघ तेवढ्याने चुकते.

आमच्या जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. इथेच १५५ मिलिमीटरची 'धनुष' तोफ तयार होते. पण सैन्याकडे जाण्याआधी तिलाही पोखरणच्या वाळवंटात प्रत्यक्ष गोळे डागून दाखवावे लागले.

म्हणून सिम्युलेशन सोडा, असं मी म्हणत नाही. दहा रचना पडद्यावर मोडून पाहता येतात, माल वाचतो, वेळ वाचतो. पण माझे विद्यार्थी निळं चित्र घेऊन आले की मी तीन प्रश्न विचारतो. कडा खरोखर कशा धरल्या आहेत? जाळी बारीक केल्यावर उत्तर बदलतं का? कागदावरचा ढोबळ हिशेब याच्या आसपास येतो का? तिन्हींची उत्तरं मिळाली, की आम्ही कार्यशाळेत जातो आणि आधी गोणी ठेवतो.

ते मिस्त्री पुढे निवृत्त झाले. सॉफ्टवेअर त्यांनी कधी उघडलं नाही, पण माझ्या मॉडेलमध्ये जे नव्हतं ते त्यांना ठाऊक होतं. तुमच्या कार्यशाळेतही असं कुणी असेल. निळं चित्र आधी त्यांना दाखवा.