दृष्टिपटलांतील मज्जापेशी

डोळ्याच्या मागील पडद्यांत, म्हणजे दृष्टिपटलांत, सुमारें १० कोटी प्रकाशग्राही पेशी असतात. पण मेंदूकडे वार्ता नेणारे तंतू सुमारें १० लाखच! मधल्या द्विध्रुवी पेशी अनेकांच्या वार्ता एकवटून गुच्छिकापेशींच्या हवालीं करतात. त्यांचेच हे तंतू.

प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे, अखंड जाळ्याचा धागा नव्हे, असें स्पेनच्या काहाल यांनीं गॉल्जी यांच्याच रंजनपद्धतीनें दाखविलें. १९०६ सालीं नोबेल पारितोषिक दोघांस विभागून मिळालें. तरी गॉल्जींनीं त्या व्याख्यानांतहि विरोधच केला.

मोतीबिंदू काढतां येतो. काचबिंदूंत मात्र गुच्छिकापेशीच मरतात, आणि मनुष्याच्या डोळ्यांत त्या पुन्हां निपजत नाहींत. म्हणून चाळिशीनंतर, दिसत असतांनाच, नेत्रपरीक्षा करून घ्यावी.