आपला इतिहास, आपली लेखणी



ज्या समाजाची बखर कोणी लिहिली नाही, त्याचा इतिहास म्हाताऱ्यांच्या तोंडी असतो. तो कागदावर कोणी उतरवावा? आम्हांस वाटते, प्रथम त्या समाजातल्याच माणसाने.

उत्तर अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या परिसरात ओजिब्वे लोक राहतात. विल्यम वॉरन हा आईकडून त्यांच्यातलाच, पेशाने दुभाषी. वृद्धांच्या हकिगती ऐकून त्याने १८५२ साली इतिहास लिहिला. पुढच्याच वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो वारला. ग्रंथ छापला गेला १८८५ साली.

आपल्या कोकणातले उदाहरण बेने इस्रायलांचे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यातल्याच हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तोही त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, तेल अवीवला प्रसिद्ध झाला.

कथा म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. पण समाज स्वतःला कोण समजतो, हे तीच सांगते. आणि सांगणारा गेला की तीही जाते.

तारकर्लीच्या गाबितांच्या, भंडाऱ्यांच्या घरांतले वृद्ध आज बोलत आहेत. त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. सांगणाऱ्याचे नाव, गाव, दिवस लिहा. दोन घरांच्या हकिगती जुळल्या नाहीत, तर दोन्ही तशाच ठेवा. त्यांचा निवाडा पुढचे अभ्यासक करतील. टिपण मात्र आपणच केले पाहिजे.