चाकाच्या पोटातला गिअर



आमच्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला चालकांनी या व्यासपीठावर बोलावले, याचा आम्हांला आनंद आहे आणि थोडी धास्तीही आहे. आमचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वेदान्ताच्या वाटेला न जाता, कामगार रोज ज्या यंत्रावर बसतो त्या सायकलीच्या गिअरविषयी चार शब्द सांगतो.

निमित्त एका सहकाऱ्याचे. त्याने हप्त्यांवर गिअरची सायकल घेतली. कारखान्याच्या दाटीच्या स्टँडवर तिच्यावर चार सायकली कोसळल्या आणि मागचा गिअर आत वाकला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पाळीला जाताना चढावर त्याने हलका गिअर टाकला, तोच ते सारे लटांबर स्पोकांत शिरले. गडी पायी पोचला, उशीर झाला, अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. आम्ही भांडलो, मजुरी परत मिळाली नाही. मग आम्ही स्वतःलाच विचारले, दोष कोणाचा? सायकलीचा, स्टँडचा, की निवडीचा?

गिअर दोन जातींचे. पहिला डिरेलर. मागे लहानमोठ्या दातेरी चक्र्या, आणि साखळी एकीवरून दुसरीवर ढकलणारा हात. फ्रान्समध्ये सेंट एतिएनच्या पॉल द व्हिव्ही यांनी अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार केला. उलट 'टूर द फ्रान्स' शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनी 1902 मध्ये लिहिले की, असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी! त्या हिशेबाने आम्ही केव्हाच पात्र झालो. त्या शर्यतीत डिरेलरला मोकळीक मिळाली ती 1937 मध्ये.

दुसरा गिअर चाकाच्या हबमध्ये, म्हणजे तुंब्याच्या पोटात. इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरांचा हब प्रसिद्ध आहे. त्याच्या 'एडब्ल्यू' नमुन्यात मधोमध वीस दात्यांचे स्थिर चक्र, भोवती फिरणारी छोटी चक्रे आणि बाहेर साठ दात्यांचे कडे. साठ भागिले ऐंशी म्हणजे पाऊणपट वेग, तो चढासाठी. ऐंशी भागिले साठ म्हणजे एक पूर्णांक एकतृतीयांश पट, तो उतारासाठी. मधला गिअर सरळ, एकास एक.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हबवर नावे स्टर्मी आणि आर्चर यांची. पण कंपनीने जो हब प्रथम बनवला त्याची कल्पना विल्यम रायली या कारागिराची. तो आधीच्या एका कराराने बांधलेला होता, म्हणून पेटंट आर्चरच्या नावे निघाले. डोके एकाचे, नाव दुसऱ्याचे! कामगाराला ही गोष्ट नवी नाही. पुढे 2000 साली नॉटिंगहॅमचे उत्पादन बंद पडले आणि तो धंदा तैवानला गेला.

आता निवड. हबचा गिअर उभ्या सायकलीवरही बदलता येतो. डिरेलरला पायडल फिरते लागते. हबची साखळी सरळ रेषेत चालते, म्हणून कमी झिजते. तिला पुरे चेनकव्हर बसते, साडी आणि पँट दोन्ही वाचतात. पडल्या सायकलीत वाकायला बाहेर फारसे काही नसते. पण हब जड, त्याच्या आत थोडी शक्ती वाया जाते, पंक्चरला मागचे चाक काढणे कटकटीचे, आणि पोट उघडणारा मिस्त्री सगळीकडे मिळत नाही. तार नीट ताणलेली नसेल, तर काही हबांत पायडल एकाएकी पोकळ फिरते आणि माणूस पडतो. डिरेलर हलका, स्वस्त, घाटाला भरपूर गिअर देणारा. पण त्याला वंगण, साफसफाई आणि जपणूक हवी.

आमच्या मते सपाट शहर, एखादा पूल आणि दाटीचा स्टँड असेल तर तीन गिअरांचा हब बरा. रोज घाट असेल तर डिरेलर.

सहकाऱ्याने काय केले? हप्ते चालू असता सायकल बदलणार कशी? मिस्त्रीने वाकलेला लोखंडी भाग सरळ केला, आणि साखळी स्पोकांकडे जाऊ नये म्हणून अडसराचा स्क्रू नीट बसवून दिला. आम्ही मागणीपत्रात एक कलम वाढवले: स्टँडला सायकलीगणिक खाचा हव्यात. वर्षभराने त्या बसल्या. निवड एकट्याची असते, श्रोतेहो. पण स्टँड सर्वांचा असतो.